विद्यार्थ्यांचे लेखन, सर्जनशीलता आणि अपयशातून शिक्षण : महाराष्ट्रातील काही ऐतिहासिक टप्पे (१८४८ ते १९३०)

सारांश

विद्यार्थ्याने परीक्षेसाठी नव्हे तर वाचकांसाठी लिहिणे, त्या लेखनातील उणिवा उघड होणे आणि त्यातून त्याने पुढचे लेखन घडविणे ही प्रक्रिया महाराष्ट्राला नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबई, पुणे आणि पुढे खानदेशातील अमळनेर येथे या प्रक्रियेचे वेगवेगळे आविष्कार आढळतात. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची सभा (१८४८), मुक्ता साळवे हिचा निबंध (१८५५), महादेव गोविंद रानडे यांचा विद्यार्थिदशेतील निबंध, हरि नारायण आपटे यांचे आरंभीचे लेखन (१८८२ ते १८८५) आणि साने गुरुजींचे ‘छात्रालय दैनिक’ या पाच उदाहरणांचा प्रस्तुत निबंधात परामर्श घेतला आहे. वाचक, चुकण्याची मुभा आणि पुन्हा लिहिण्याची संधी या तीन गोष्टी एकत्र आल्या तेथे विद्यार्थ्याची सर्जनशीलता बहरली. त्यांपैकी एक जरी नसली तरी ती खुंटली किंवा तिला दीर्घकाळ वाट पाहावी लागली, असा या विवेचनाचा निष्कर्ष आहे.

बीजशब्द : विद्यार्थिलेखन, निबंध, सर्जनशीलता, अपयश, हस्तलिखित, परीक्षापद्धती.

प्रस्तावना

‘निबंध’ या संस्कृत शब्दाच्या मुळाशी ‘बांधणे’ ही क्रिया आहे. विचारांची नीट बांधणी केलेले लेखन म्हणजे निबंध. युरोपात या वाङ्मयप्रकाराला ज्या शब्दाने ओळखले जाते तो ‘एसे’ हा शब्द मात्र ‘प्रयत्न करून पाहणे’ या अर्थाचा आहे. फ्रेंच लेखक मोंतेन याने १५८० मध्ये आपल्या लेखसंग्रहाला हे नाव दिले आणि १५९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो त्याच लेखांत भर घालीत, बदल करीत राहिला. एका शब्दात बांधणी आहे, दुसऱ्यात प्रयत्न आहे. आपल्या शाळा-महाविद्यालयांनी पहिला अर्थ उचलला आणि दुसरा जवळपास विसरून टाकला. विद्यार्थ्याचे लेखन म्हणजे एकदाच लिहावयाचे, एकानेच तपासावयाचे आणि गुण मिळाल्यावर पुन्हा कधीही न उघडावयाचे उत्तर, अशी त्याची व्याख्या होऊन बसली आहे.

याचा परिणाम दूरगामी आहे. ज्या लेखनात चूक म्हणजे केवळ गुणांची वजाबाकी, त्या लेखनात विद्यार्थी धोका पत्करीत नाही. तो मार्गदर्शक पुस्तकातील मजकूर उतरवितो, कारण उतरविलेल्या मजकुरात चूक होण्याची शक्यता कमी असते. गेल्या काही वर्षांत तर क्षणार्धात तयार मजकूर हाती देणारी संगणकीय साधने प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीत आली आहेत. चुकण्याची भीती आणि तयार उत्तराची उपलब्धता या दोहोंच्या कात्रीत विद्यार्थ्याचा स्वतःचा आवाज सापडला आहे. अशा वेळी आपल्याच प्रांतातील विद्यार्थ्यांनी पूर्वी कोणत्या परिस्थितीत लिहिले, कोठे अडखळले आणि त्या अडखळण्याचे पुढे काय झाले, हे तपासणे उपयुक्त ठरेल.

अभ्यासाची उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. (१) १८४८ ते १९३० या काळातील महाराष्ट्रातील विद्यार्थिलेखनाच्या निवडक उदाहरणांचा मागोवा घेणे. (२) या उदाहरणांत अपयश, टीका किंवा शिक्षा यांचा लेखनावर काय परिणाम झाला ते पाहणे. (३) मीरा-भाईंदरसारख्या नव्याने वाढलेल्या शहरातील महाविद्यालयीन शिक्षणासाठी त्यातून काही बोध घेता येतो का, याचा विचार करणे. हा विद्यार्थिनियतकालिकांचा समग्र इतिहास नव्हे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून उदाहरणांची निवड त्यांच्यातील परस्परभेद स्पष्ट व्हावेत या हेतूने केली आहे.

१. सभेतील निबंध : मुंबई, १८४८

मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील प्राध्यापक पॅटन यांच्या प्रेरणेने १८४८ मध्ये ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली. आजी-माजी विद्यार्थ्यांच्या या सभेत दादाभाई नौरोजी यांच्यासारखे तरुण आघाडीवर होते. सभेचे काम साधे होते. एखाद्या सभासदाने निबंध लिहून आणावा, तो सर्वांसमोर वाचावा आणि इतरांनी त्यावर चर्चा करावी. इंग्रजीतील ही चर्चा सामान्य जनांपर्यंत पोहोचणार नाही हे ध्यानात येताच त्याच वर्षी मराठी आणि गुजराती भाषांसाठी स्वतंत्र शाखा काढण्यात आल्या. मराठी शाखेचे अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांच्याकडे होते. या शाखेच्या प्रयत्नांतून १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक सुरू झाले आणि ते १८६७ पर्यंत चालले.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, निबंधाचा वाचक हा परीक्षक नव्हता. तो लिहिणाराच्या बरोबरीचा होता. आज ज्याने ऐकले तो पुढच्या बैठकीत स्वतः लिहून आणणार होता. त्यामुळे टीका करणाऱ्यालाही उद्या टीकेला सामोरे जावे लागे. चुकण्याची मुभा अशा परस्पर व्यवहारातून निर्माण होते. ती कोणी कृपा म्हणून द्यावी लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सभेत बेहरामजी गांधी या सभासदाने स्त्रीशिक्षणाविषयी निबंध वाचला. त्यावरील चर्चेत, नुसते बोलून काय उपयोग, असा प्रश्न उभा राहिला आणि त्यातून १८४९ मध्ये सभेने मुंबईत मुलींच्या शाळा उघडल्या. सभासदांनी सकाळच्या वेळी विनावेतन शिकविले. मराठी मुलींच्या शाळेसाठी जगन्नाथ शंकरशेट यांनी साहाय्य केले. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली होती, तिच्या पाठोपाठचीच ही घटना आहे. विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध खोलीबाहेर पडला आणि त्याची शाळा झाली. विद्यार्थिलेखनाच्या सामर्थ्याचा एवढा स्पष्ट पुरावा क्वचितच सापडतो.

तथापि या सभेची मर्यादाही स्पष्ट आहे. एल्फिन्स्टनमध्ये शिकणारे तरुण प्रामुख्याने पारशी आणि उच्चवर्णीय हिंदू समाजांतील होते. लिहिण्याची, वाचून दाखविण्याची आणि चुकण्याची संधी ज्यांना मिळाली ते संख्येने थोडे आणि सामाजिक दृष्ट्या सुरक्षित होते. ज्यांना ही सुरक्षितता नव्हती त्यांच्या लेखनाचे काय झाले, हे पाहण्यासाठी पुण्याकडे वळावे लागते.

२. मुक्ता साळवे : पुणे, १८५५

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग समाजातील विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत प्रसिद्ध झाला. त्या वेळी तिचे वय अवघे चौदा वर्षांचे होते. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू केलेले पत्र होते.

या निबंधाची बांधणी पाहिली तर लेखिकेचे वय विसरावयास होते. ती प्रथम धर्माधिकाराचा प्रश्न घेते. वेद जर एका जातीचेच असतील तर ज्यांना ते पाहण्याचाही अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा तिचा तर्क आहे. तो तर्क ती शेवटापर्यंत नेते आणि आम्हाला धर्मच नाही असे म्हणावे लागते, येथवर येऊन थांबते. त्यानंतर ती पेशवाईतील अत्याचारांचा दाखला देते, दारिद्र्याचे वर्णन करते आणि बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसलेल्या आपल्या जातीच्या स्त्रियांच्या यातना सांगते. अखेरीस विद्या हेच या दुःखावरचे औषध आहे असे सांगून ती आपल्या बांधवांना शिकण्याचे आवाहन करते. तर्क, इतिहास, अनुभव आणि आवाहन असा हा क्रम आहे. तो कोणत्याही पाठ्यपुस्तकातून आलेला नाही, कारण अशा विषयावरचा नमुना तिच्यासमोर असण्याची शक्यताच नव्हती.

सर्जनशीलता म्हणजे कल्पनेचा खेळ असा एक समज रूढ आहे. मुक्ताच्या निबंधात कल्पनेचा खेळ नाही. जे सर्वांसमोर घडत होते पण लिहिले जात नव्हते ते तिने लिहिले; हीच तिची सर्जनशीलता. आणि हे घडू शकले याचे कारण तिच्या शाळेत आणि त्या नियतकालिकात तिला वाचक मिळाला. तिचे म्हणणे लहान मुलीचे बोबडे बोल म्हणून बाजूला सारले गेले नाही, दोन अंकांत छापले गेले.

मात्र तिच्या नावावर आज हा एकच निबंध उपलब्ध आहे. एल्फिन्स्टनच्या तरुणांना पुढच्या बैठकीत पुन्हा लिहून आणता येत होते. त्यांच्यापैकी अनेकांचे लेखन पुढे ग्रंथरूपाने आले. मुक्ताच्या बाबतीत दुसरा निबंध इतिहासाच्या हाती लागत नाही. पहिल्या प्रयत्नात जी एवढी पुढे गेली होती तिचा दहावा प्रयत्न कसा असता, हा प्रश्न महाराष्ट्राच्या शिक्षणेतिहासाला कायम अस्वस्थ करीत राहील. संधी एकदा मिळणे आणि संधी पुन्हा पुन्हा मिळणे यांतील अंतर येथे दिसते. शिक्षण ज्याला आपण म्हणतो ते बहुतांशी दुसऱ्या संधीपासून सुरू होते.

३. विद्यापीठ, परीक्षा आणि रानडे यांचा निबंध

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि १८५९ मध्ये पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, घेण्यात आली. शंभराहून अधिक उमेदवारांपैकी जेमतेम वीस-बावीस जण उत्तीर्ण झाले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते. १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे ते चौघे. आरंभापासूनच या व्यवस्थेत उत्तीर्णांपेक्षा अनुत्तीर्णांची संख्या कितीतरी मोठी राहिली. ‘नापास’ हा शब्द मराठी घराघरांत रुजला तो याच काळात. सभेतील निबंधावर चर्चा होत असे. परीक्षेतील उत्तरावर निकाल लागू लागला. या दोहोंतील फरक मूलभूत आहे. चर्चेत लेखन पुढे चालू राहते, निकालाने ते संपते.

या नव्या व्यवस्थेतील सर्वांत बुद्धिमान विद्यार्थ्यालाही तिची झळ लागली. रानडे यांनी विद्यार्थिदशेत एका निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी राज्याशी तुलना करून मराठी राज्याला झुकते माप दिले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांना रानडे यांच्या बुद्धिमत्तेविषयी आदर होता, तरीही त्यांना हा निबंध रुचला नाही. ज्या सरकारच्या खर्चाने शिकावयाचे त्याची निंदा करू नये अशी समज देऊन रानडे यांची शिष्यवृत्ती सहा महिन्यांसाठी थांबविण्यात आली, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे.

ही शिक्षा लेखनातील चुकीबद्दल नव्हती, मताबद्दल होती. म्हणून तिच्यातून लेखनाविषयी काही शिकण्यासारखे नव्हते. निबंधात पुरावा अपुरा होता का, तुलना सदोष होती का, याची चर्चा झाली असती तर तरुण अभ्यासकाला तिचा उपयोग झाला असता. तसे न होता विषयच बंद करण्यात आला. रानडे यांनी तो मनातून मात्र काढला नाही. मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास त्यांनी न्यायखात्यातील नोकरी सांभाळून चालू ठेवला आणि १९०० मध्ये त्यांचा ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठ्यांची सत्ता ही लुटारूंची आकस्मिक चढाई नसून तिच्यामागे लोकांमधील धार्मिक व सामाजिक जागृती होती, ही त्याची मध्यवर्ती मांडणी आहे. विद्यार्थ्याच्या निबंधात जे आकर्षण होते त्याचे येथे सप्रमाण विवेचन झाले आहे. परंतु या दोहोंच्या मध्ये सुमारे चार दशके गेली, हेही विसरता येत नाही. सर्वांनाच रानडे यांच्याइतकी चिकाटी आणि स्थैर्य लाभत नाही.

४. परीक्षेतील अपयश आणि लेखनातील वाट : हरि नारायण आपटे

अपयशातून शिकण्याचे सर्वांत बोलके उदाहरण कादंबरीकार हरि नारायण आपटे यांचे आहे. त्यांचा जन्म १८६४ मध्ये खानदेशातील पारोळे येथे झाला. पुण्यात १८८० मध्ये स्थापन झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिकले. तेथे विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्यासारखे शिक्षक होते. १८८२ मध्ये चिपळूणकरांचे अकाली निधन झाले तेव्हा अठरा वर्षांच्या आपट्यांनी ‘शिष्यजनविलाप’ हे काव्य लिहिले. पारंपरिक वळणाचे हे श्लोक त्यांच्या पुढील कीर्तीचा पाया ठरले नाहीत. गुरूच्या मृत्यूने व्याकूळ झालेल्या विद्यार्थ्याने हाती असलेल्या साच्यात केलेला तो प्रयत्न होता.

पुढच्याच वर्षी आगरकरांचे ‘विकारविलसित’ हे शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे रूपांतर प्रसिद्ध झाले. आपट्यांनी मूळ नाटकाशी ते ताडून पाहिले आणि ‘निबंधचंद्रिका’ या मासिकात त्यावर सुमारे बाहत्तर पृष्ठांची सविस्तर टीका लिहिली. एका विद्यार्थ्याने आपल्या शिक्षकाच्या ग्रंथातील उणिवा जाहीरपणे दाखवाव्यात आणि त्यामुळे त्याचे शिक्षण धोक्यात येऊ नये, ही गोष्ट रानडे यांच्या प्रसंगाशी ताडून पाहण्याजोगी आहे. दोन दशकांच्या अंतराने घडलेल्या या दोन प्रसंगांत विद्यार्थी तितकाच धीट होता; भिन्न होते ते त्याच्या भोवतालचे वातावरण. बुद्धिवादाचा आग्रह धरणाऱ्या आगरकरांच्या सहवासात मतभेद हा अपराध मानला जात नव्हता.

महाविद्यालयात मात्र आपट्यांची गाडी गणितावर अडली. त्या काळच्या अभ्यासक्रमात गणित टाळता येत नसे. पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही परीक्षा साधेना आणि अखेर त्यांना पदवीविना शिक्षण सोडावे लागले. विद्यापीठाच्या दफ्तरी ते अयशस्वी विद्यार्थीच राहिले. परंतु याच वर्षांत त्यांचे दुसरे शिक्षण चालू होते. १८८५ मध्ये ‘पुणेवैभव’ पत्रातून त्यांची ‘मधली स्थिती’ ही पहिली कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स याच्या कथानकाचा आधार तिला होता. उसना सांगाडा आणि पुण्यातील मध्यमवर्गाचे स्वतः पाहिलेले जीवन यांचा सांधा या कादंबरीत नीट जुळलेला नाही; कोठे परके कथानक वरचढ होते तर कोठे पुण्यातील घर जिवंत होऊन उठते. पाचेक वर्षांत, १८९० च्या सुमारास, ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी आली तेव्हा उसना सांगाडा गळून पडला होता. केशवपनाच्या रूढीला बळी पडणाऱ्या यमूची कहाणी तिच्याच तोंडून सांगण्याचा मार्ग लेखकाला सापडला होता. या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे चुकीतून शिकणे ही नुसती उपदेशाची गोष्ट नसून ती पानांवर दाखविता येते, हे ध्यानात येते.

याला क्रमशः प्रकाशनाची पद्धती साहाय्यभूत झाली. प्रत्येक अंकाला नवा मजकूर, प्रत्येक अंकाला वाचक, आणि मागील अंकातील कच्चा दुवा पुढील अंकात सुधारण्याची संधी. १८९० मध्ये आपट्यांनी स्वतःचे ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि ते सुमारे सत्तावीस वर्षे चालविले. त्यांच्या काही कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या. ‘कर्मयोग’ ही त्यांपैकी एक. अपूर्ण राहण्याची शक्यता स्वीकारूनच ते लिहीत होते. १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानमालेत मराठी भाषेविषयी व्याख्याने देण्यास पाचारण केले. ज्या विद्यापीठाची पदवी त्यांना मिळू शकली नाही त्याच्याच व्यासपीठावरून ते बोलले. या घटनेतील विरोधाभासापेक्षा तिच्यातून निघणारा अर्थ मोलाचा आहे. परीक्षेने त्यांची एक उणीव अचूक मोजली होती. त्यांचे सामर्थ्य मोजण्याचे साधन तिच्याजवळ नव्हते.

५. हस्तलिखित दैनिक : अमळनेर

विसाव्या शतकात विद्यार्थिलेखनाचा प्रवाह खेडोपाडी पोहोचला तो मुख्यतः हस्तलिखितांच्या द्वारे. छापखाना नव्हता तेथे बोरू, शाई आणि कागद होते. या परंपरेतील एक अनन्यसाधारण प्रयोग अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात झाला. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, १९२४ मध्ये या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि पुढे वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तेथे त्यांनी ‘छात्रालय दैनिक’ सुरू केले. हे दैनिक हाताने लिहिलेले असे. इतिहास, थोरांची चरित्रे, देशातील घडामोडी आणि वसतिगृहातील रोजचे जगणे असे त्याचे स्वरूप होते. मुले सकाळी त्याची वाट पाहत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही काढले. १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उडी घेण्यासाठी त्यांनी शाळा सोडली.

या प्रयोगाचे वेगळेपण असे की, येथे शिक्षक स्वतः विद्यार्थ्यांच्या समोर रोज लिहीत होता. शिक्षकाने तपासावयाचे आणि विद्यार्थ्याने लिहावयाचे ही विभागणी येथे मोडली. रोज लिहिणाऱ्याचे प्रत्येक पान उत्तम होऊ शकत नाही. काही पाने घाईची, काही भावविवश, काही साधी असणारच. शिक्षकाचे अपुरे लेखनही वाचावयास मिळणे, हा विद्यार्थ्यासाठी मोठा दिलासा असतो. लेखन आकाशातून पडत नाही, ते रोज बसून करावे लागते, हा धडा तो न सांगता शिकतो. पुढे फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ अवघ्या काही दिवसांत लिहून काढली. त्या झपाट्यामागे अमळनेरची रोजच्या लेखनाची तालीम होती असे म्हणण्यास हरकत नाही. त्या पुस्तकाची रचनाही आपल्या विषयाशी निगडित आहे. प्रौढ श्याम आपल्या सोबत्यांना बालपणीच्या आठवणी सांगतो, आणि त्यांतील कितीतरी आठवणी त्याच्या स्वतःच्या चुकांच्या आहेत. चूक लपविण्याऐवजी सांगितली गेली म्हणून ती इतरांच्या उपयोगी पडली.

याच काळात फ्रान्समधील बार-सूर-लू या खेड्यात सेलेस्तँ फ्रेने हा प्राथमिक शिक्षक असाच प्रयोग करीत होता. १९२४ च्या सुमारास त्याने वर्गात छोटे मुद्रणयंत्र आणले. मुलांनी आपल्या अनुभवांविषयी मुक्तपणे लिहावे, वर्गाने मिळून ते दुरुस्त करावे आणि मुलांनीच त्याचे खिळे जुळवून छापावे अशी त्याची पद्धती होती. चाचपडत, प्रयत्न आणि चूक यांच्या वाटेने शिकणे हे त्याच्या शिक्षणविचाराचे सूत्र बनले. खिळे जुळविताना चुकलेले अक्षर काढून दुसरे बसविता येते, ही गोष्ट मुलांच्या हाताला कळत होती. अमळनेर आणि बार-सूर-लू ही दोन गावे एकमेकांपासून कितीही दूर असली तरी विद्यार्थ्याला खरा वाचक हवा ही जाणीव दोन्हीकडे सारखीच होती.

६. तुलनात्मक विवेचन

वरील उदाहरणांच्या आधारे काही सूत्रे मांडता येतील. पहिले सूत्र वाचकाचे. एल्फिन्स्टनची सभा, ‘ज्ञानोदय’, ‘निबंधचंद्रिका’, ‘छात्रालय दैनिक’ या प्रत्येक ठिकाणी परीक्षकाहून वेगळा वाचक होता. त्याला लेखकाला गुण द्यावयाचे नव्हते, विषय समजून घ्यावयाचा होता.

दुसरे सूत्र चुकण्याच्या मुभेचे. मुभा म्हणजे टीकेचा अभाव नव्हे. आपट्यांनी आगरकरांवर लिहिले ती टीकाच होती; सभेतील चर्चाही टीकाच होती. प्रश्न टीका कशावर होते हा आहे. पुरावा, मांडणी आणि भाषा यांवरील टीका लेखकाला पुढे नेते. मतावरील शिक्षा त्याला गप्प करते. रानडे यांचा प्रसंग या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

तिसरे सूत्र पुन्हा लिहिण्याच्या संधीचे. ‘मधली स्थिती’पासून ‘पण लक्षात कोण घेतो’पर्यंतचा प्रवास या संधीमुळे शक्य झाला. मुक्ता साळवे हिच्या निबंधापुढील पोकळी हे या संधीच्या अभावाचे मौन आहे. म्हणून अपयशातून शिका असा उपदेश करताना एक सामाजिक सत्य ध्यानात ठेवले पाहिजे. अपयश पचविण्याची ताकद केवळ स्वभावात नसते, ती परिस्थितीतही असते. आपट्यांना पदवी मिळाली नाही तरी घरचा आधार होता, पुण्यातील छापखाने आणि नियतकालिके हाताशी होती. ज्याच्या पहिल्या अपयशाबरोबर शिक्षणच संपते त्याला अपयशातून शिकण्याचा सल्ला पोकळ वाटतो. संस्थेचे काम सल्ला देण्याचे नाही, दुसरी संधी निर्माण करण्याचे आहे.

७. मीरा-भाईंदरच्या संदर्भात

मीरा-भाईंदर हे ठाणे जिल्ह्यातील तुलनेने तरुण शहर आहे. १९८५ मध्ये येथे नगरपरिषद आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती. मिठागरे, भातशेती आणि कोळीवाडे यांच्या जागी एका पिढीत वसाहती उभ्या राहिल्या. एकाच वर्गात मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू अशा भिन्न मातृभाषांचे विद्यार्थी बसतात. त्यांतील पुष्कळांच्या घरात महाविद्यालयात पाऊल टाकणारी ही पहिलीच पिढी असते. या विद्यार्थ्याला लिहिता येत नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते. वस्तुतः त्याला लिहिण्यासारखे पुष्कळ असते, परंतु ते कोणी वाचणार आहे यावर त्याचा विश्वास नसतो.

या शहराविषयीच पुष्कळसे लिहावयाचे राहून गेले आहे. उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे या गावांतील बोली आणि चालीरीती, मिठागरांवरील कामाचे शब्द, १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेशी निगडित असलेला धारावी किल्ला, उपनगरी गाडीने रोज मुंबई गाठणाऱ्या कुटुंबांचा अनुभव, हे विषय कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात तयार सापडत नाहीत. येथे विद्यार्थ्याला स्वतः विचारावे, पाहावे आणि चुकत-माकत लिहावे लागेल. मिठागरावर काम केलेल्या आजोबांशी बोलून लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात तपशील चुकतील. तो मसुदा आजोबांनाच वाचून दाखविला तर ते चुका सांगतील आणि दुसरा मसुदा अधिक खरा होईल. वाचक, मुभा आणि दुसरी संधी ही तिन्ही सूत्रे या साध्या उपक्रमात एकत्र येतात. यासाठी मोठा खर्च लागत नाही. विभागाची भित्तिपत्रिका, वर्गाचे हस्तलिखित, महिन्यातून एकदा निबंधवाचनाची बैठक आणि दुसऱ्या मसुद्यालाही मूल्यमापनात स्थान, एवढे पुरेसे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सातत्यपूर्ण मूल्यमापन आणि सर्जनशील विचार यांवर भर दिलेला आहे. त्याचा अर्थ केवळ परीक्षांची संख्या वाढविणे असा होऊ नये.

निष्कर्ष

१. विद्यार्थिलेखनाची सार्वजनिक परंपरा महाराष्ट्रात १८४८ पासून स्पष्टपणे आढळते. तिने केवळ साहित्यच निर्माण केले नाही, मुलींच्या शाळांसारखे सामाजिक कार्यही घडविले.

२. परीक्षापद्धतीने लेखनाचा संबंध निकालाशी जोडला आणि चर्चेचे स्थान आक्रसले. परीक्षेतील अपयश आणि सर्जनशीलतेचा अभाव या एकच गोष्टी नव्हेत, हे हरि नारायण आपटे यांच्या उदाहरणावरून सिद्ध होते.

३. टीका लेखनावर असेल तर ती शिक्षणाचे साधन बनते. मताबद्दल झालेली शिक्षा त्या विषयाच्या विकासाला दीर्घकाळ खीळ घालू शकते.

४. शिक्षकाने विद्यार्थ्यांसमोर स्वतः लिहीत राहणे हा लेखनशिक्षणाचा प्रभावी मार्ग असल्याचे अमळनेरच्या प्रयोगातून दिसते.

५. अपयशातून शिकण्यासाठी दुसरी संधी अपरिहार्य आहे आणि तिचे वाटप समाजात समान नाही. ज्यांच्याजवळ ती घरून आलेली नाही त्यांना ती वर्गात मिळाली पाहिजे.

मुक्ता साळवे हिने विद्या हे औषध मानले. औषध एकदा चाखून गुण येत नाही, ते नियमाने घ्यावे लागते. लेखनाचेही तसेच आहे. विद्यार्थ्याच्या हातात पहिला कागद देण्याचे काम आपल्या शिक्षणसंस्था करीत आल्या आहेत. दुसरा कागद देण्याचे काम अजून व्हावयाचे आहे.